अंगण साफ करायचे किती घेऊ?

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून सत्तावीस वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, अशी त्याची विनंती आहे. आयटीआय झालेला, घरी चार एकर कोरडवाहू. मागच्या वर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास त्यानं बारा हजारांचं गवत कापायचं मशीन घेतलं, पेट्रोलवर चालणारं, खांद्याला अडकवायचं. पैसे आईच्या नावानं बचत गटातून उचलले. पावसाळाभर आपल्या आणि आजूबाजूच्या दोन गावांतल्या तीसेक घरांची अंगणं, परसं आणि मोकळे प्लॉट साफ केले. भाव एकच, घरामागं २०० रुपये. साधारण सत्तर कापण्या झाल्या. चौदा हजार यायला हवे होते, दोनेक हजार उधारीत अडकले. पेट्रोल, ऑइल, दुरुस्ती वजा जाता हातात काही उरलं नाही आणि बचत गटाचे हप्ते आईनं निंदणाच्या मजुरीतून भरले.

आता शेजारच्या गावात एका पोरानं तसंच मशीन आणलंय आणि तो १५० घेतो. कॅनडात टोरंटोजवळ राहणारा मावसभाऊ म्हणतो, ‘इथं बर्फ काढणारे पूर्ण हिवाळ्याचा एकच करार करतात, तूही पावसाळ्याचा कर.’ आई म्हणते, ‘गावात गवताचे पैसे कोन देते? नात्यातल्याले तर मागूच नको.’ त्याचे प्रश्न असे : भाव तासावर ठेवू की घरावर? १५० वर यावंच लागेल का? पुण्या-नागपूरला राहणाऱ्यांकडून जास्त घेतले तर चालेल का? नातेवाइकांचं काय करू?

भाऊ,

तुझं पत्र वाचताना मी हप्त्यांच्या ओळीवर थांबले. आईनं निंदून तुझ्या मशीनचे हप्ते भरले, म्हणजे गावातली तीस अंगणं तुझ्या आईच्या पैशानं साफ झाली. हे टोचावं म्हणून लिहीत नाही. पण ‘जास्त पैसे मागितले तर लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तू पत्रात चारदा विचारला आहेस आणि कमी घेतल्यावर ती तूट कोण भरतं हा एकदाही नाही. तू भाव कमी ठेवलास तर फरकाचे पैसे कोणाच्या तरी खिशातून जातातच. गेल्या वर्षी ते कोणाच्या खिशातून गेले ते तूच लिहिलंयस.

बचत गटांच्या वह्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळं आधी हिशोबच करू. तुझ्या पत्रातले आकडे आणि जिथं तू लिहिलं नाहीस तिथं माझा अंदाज. तुझे आकडे वेगळे असतील तर तुझे घाल, पद्धत तीच राहील.

मशीन दाट गवतात तासाला पाऊण लिटर पेट्रोल पितं असं तू म्हणतोस. लिटर १०५ धरलं तर ८० रुपये. टू-स्ट्रोक मशीन आहे, लिटरमागं ४० मिली ऑइल घालतोस, त्याचे १२. गवत कापणारी नायलॉनची दोरी दगडाला, कुंपणाच्या तारेला लागून झिजते, तिचे १८ धरू. झाले ११०. एवढा खर्च तुला दिसतो, कारण तो रोज खिशातून जातो. पुढचा दिसत नाही. बारा हजारांचं मशीन तीन पावसाळे नीट चाललं, तर एका पावसाळ्याला चार हजार. तू साधारण शंभर तास मशीन चालवलंस, म्हणजे तासाला ४०. प्लग, एअर फिल्टर, क्लच, कार्बोरेटरची सफाई मिळून वर्षाला दोन हजार, म्हणजे तासाला आणखी २०. बेरीज १७०. तुझ्या हातांची किंमत अजून धरलेलीच नाही.

आता ती धरू. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तू मशीन चालवणारा, ते खोलून जोडता येणारा माणूस, शिवाय काम धोक्याचं. दिवसाला ५०० हा माझ्या मते जास्तीचा आकडा नाही. पण दिवसभरात मशीन प्रत्यक्ष किती चालतं? गाडीवर बांधून नेणं, फाटकाची किल्ली शोधणं, आधी दगड, बाटल्या, तारा वेचणं, कापलेलं गवत ओढून ढीग करणं, चहाला नाही म्हणणं आणि तरी पिणं... सगळं मिळून चार तास चाललं तरी पुष्कळ. म्हणजे मशीनच्या एका तासावर तुझ्या मजुरीचे १२५. एकूण २९५. आपण ३०० म्हणू.

आता गंमत बघ. तासाला ३०० असतील तर २०० रुपयांत ४० मिनिटं येतात. दीड हजार चौरस फुटांचं, नेहमी स्वच्छ राहणारं अंगण ४० मिनिटांत होतं. म्हणजे तुझा २०० चा भाव लहान घरासाठी बरोबर होता. घोळ झाला तो मोठ्या घरात. ज्या वाड्याचं परस दोन तास खातं, तिथंही तू २०० घेतलेस आणि खिशातून १४० रुपये देऊन आलास, मजुरी सोडून. सत्तर कापण्यांना शंभर तास, म्हणजे सरासरी एका कापणीला जवळपास दीड तास. लहान घरांनी बरोबर पैसे दिले, मोठ्या घरांनी निम्म्याहून कमी. सगळ्यांना एकच भाव म्हणजे सगळ्यांना सारखा न्याय, असं तू धरून चाललास. त्यात फायदा मोठ्या वाड्यांचा झाला, आणि मोठे वाडे गावात कोणाचे असतात ते तुला मी सांगायला नको.

तासावर की घरावर, याचं उत्तर तुमच्या शिवारातच आहे. निंदण रोजानं होतं. कापसाची वेचणी किलोवर होते. सोयाबीनची सोंगणी एकराच्या गुत्त्यानं, म्हणजे ठोक ठरवून, जाते. सालगडी वर्षाचा ठरतो. चार कामं, भाव ठरवायच्या चार रीती, आणि प्रत्येक रीतीत पाऊसपाण्याचा धोका वेगळ्या माणसाच्या अंगावर असतो. रोजानं काम असेल तर गवत दाट निघालं, काम लांबलं, तर मालकाचं नुकसान. गुत्ता असेल तर तेच नुकसान मजुराचं. सालावर असेल तर पाऊस कसाही पडो, मालकाला ठरलेले द्यावे लागतात आणि गड्याला ठरलेल्यात राबावं लागतं. भाव ठरवताना आधी हे ठरतं की गवत अंदाजापेक्षा जास्त वाढलं तर ते कोणाच्या माथी. रक्कम त्यानंतर.

माझं मत घराच्या गुत्त्याकडे झुकतं, पण घर पाहून सांगितलेल्या. तासाचा भाव सांगितलास की मालक ओट्यावर बसून घड्याळ बघतो, तू मशीनमध्ये पेट्रोल भरायला थांबलास की त्याच्या कपाळावर आठी. आणि हाताला सफाई आली, काम लवकर व्हायला लागलं, की तुझेच पैसे कमी होतात. तासाचा ३०० चा हिशोब तुझ्या वहीत राहू दे, तोंडावर घराचा आकडा सांग. पावलांनी आवार मोज. तीन गट पुरेत : अंगण आणि लहान परस असलेलं घर, दीड-दोन हजार फुटांचा प्लॉट, आणि मोठा वाडा. वाड्याला मात्र गट-बिट नाही, तो आतून फिरून पाहिल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. विहिरीचा काठ, पडक्या भिंतीचे दगड, गोठ्यामागं पुरुषभर वाढलेला तरोटा, यातलं फाटकातून काही दिसत नाही.

पहिल्या कापणीचा भाव वेगळा ठेव. जुलैच्या सुरुवातीला कोणी बोलावलं तर गवत घोट्यापर्यंत असतं. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बोलावलं तर कंबरेपर्यंत, दोरीनं कापत नाही, पातं लावावं लागतं. ज्याला लहान घराचे २०० सांगतोस त्याला अशा पहिल्या कापणीचे ३०० सांगायला संकोच नको, काम खरंच दीडपट आहे.

आता तुझ्या मावसभावाचा सल्ला. तो चुकीचं सांगत नाही, पण अर्धंच सांगतो. तिकडं बर्फ काढणारे तीन-चार पद्धतींनी पैसे घेतात. काही जण प्रत्येक खेपेचे घेतात, म्हणजे बर्फ पडला, गाडी आली, दारापुढचा रस्ता मोकळा केला, इतके पैसे. काही इंचांवर घेतात, थर जाड तसा भाव चढा. आणि काही नोव्हेंबर ते एप्रिल असा पूर्ण मोसमाचा करार करतात. हिवाळा सौम्य गेला तर मोसमाच्या करारात काढणारा कमावतो. वादळावर वादळं आली तर त्याच पैशात तो रात्र-रात्र राबतो आणि डिझेलमध्ये बुडतो. म्हणून जाणते लोक करारात अटी घालतात : दोन इंचांच्या वर पडला तरच येणार, मीठ टाकायचे पैसे वेगळे, अमुक खेपांनंतर जादा आकार. तुझ्या भावानं करार सांगितला, अटी सांगितल्या नाहीत. बहुधा त्यानं त्या वाचल्या नसतील, तो पैसे देणारा आहे.

आणखी एक फरक आहे, तो तुझ्या बाजूचा आहे. बर्फ रात्री पडतो आणि सकाळी माणसाला कामावर निघायचं असतं. तिकडच्या बऱ्याच शहरांत घरापुढची पायवाट ठरलेल्या तासांत मोकळी करणं घरमालकावर बंधनकारक असतं. त्यामुळं बर्फ काढणारा सगळ्यांना एकाच पहाटे हवा असतो, आणि त्या घाईचे पैसे भावात धरलेले असतात. गवताला अशी घाई नसते, एका घराचं आज आणि दुसऱ्याचं परवा झालं तरी बिघडत नाही. म्हणून कोणत्या दिवशी कोणती गल्ली हे तू ठरवू शकतोस, आणि एका फेरीत जवळजवळची घरं घेणं हीच तुझी खरी बचत आहे. बर्फवालेही एकाच रस्त्यावरची गिऱ्हाइकं धरायला धडपडतात, कारण दोन घरांमधल्या रस्त्याचे पैसे कोणी देत नाही. दुसऱ्या गावाला जायचं तर किमान तीन घरं ठरल्याशिवाय निघू नकोस. एकाच घरासाठी बोलावलं तर येण्या-जाण्याचे वेगळे सांग.

तर मोसमाचा करार कर, पण कापण्या मोजून. विदर्भात पाऊस जूनच्या मध्यावर येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उलटतो. या काळात महिन्याला एक, अशा चार कापण्या भरपूर झाल्या. गावात तारखा कोणी लक्षात ठेवत नाही, सण ठेवतात. आषाढी, राखी, महालक्ष्म्या आणि दिवाळीच्या आधी. महालक्ष्म्यांच्या आधीची कापणी तर लोक स्वतः मागतील, बाहेरगावचे सगळे घरी येतात. (अधिक महिन्याच्या वर्षी सण पुढं सरकतात, गवत सरकत नाही. त्या वर्षी पहिली कापणी सणाची वाट न बघता कर.) लहान प्लॉटचा हिशोब असा : पहिली ३००, पुढच्या तीन २०० प्रमाणे ६००, एकूण ९००. मोसमाचा करार ८५० ला दे. पन्नासची सूट पुरे. पाचव्यांदा बोलावलं तर २०० वेगळे. ‘पावसाळाभर कितीही वेळा’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. झड लागलेल्या वर्षी गवत पंधरा दिवसांत गुडघ्याला येतं, आणि त्या वर्षी तुझ्या वावरातही निंदण-डवरणी तटून असते.

पैसे कधी घ्यायचे हा प्रश्न तू विचारला नाहीस. माझ्या मते भावापेक्षा तोच अवघड आहे. जून-जुलैत खेड्यात कोणाच्या हातात रोकड असते? बियाणं, खत, फवारणी यात सगळं वावरात गेलेलं असतं. पैसा दिसतो तो सोयाबीन विकल्यावर, कापूस त्याच्याही नंतर. आणि तुला पेट्रोल रोज रोख लागतं. म्हणून एकच नियम सगळ्यांना लावता येणार नाही. ज्यांचा पगार महिन्याला येतो, शिक्षक, ग्रामसेवक, नोकरीवरून निवृत्त झालेले, पुण्या-नागपूरचे, त्यांच्याशी मोसमाचा करार कर आणि निम्मे पैसे पहिल्या कापणीआधी घे, बाकीचे महालक्ष्म्यांपर्यंत. या आगाऊ रकमेतून तुझं जुलैचं पेट्रोल निघतं, आईच्या हप्त्याला हात लावावा लागत नाही. शेतकरी घरांशी मोसमाचा करार नकोच, कापणीगणिक पैसे. अडचण असेल तर एका कापणीची उधारी सोयाबीनपर्यंत थांब, पण पहिली फिटल्याशिवाय दुसरी कापणी करू नकोस. हे आधीच सांगितलेलं असलं की नंतर कडू होत नाही. गेल्या वर्षीचे दोन हजार वसूल करायला दारोदार जाऊ नकोस. पुढची कापणी मागायला ते येतीलच, तेव्हा मागची बाकी आठवणीनं सांग.

पुण्यावाल्यांकडून जास्त घ्यावे का? माणूस पाहून भाव लावू नये, असं मला वाटतं. त्याचं कारण नीतीचं कमी आणि व्यवहाराचं जास्त आहे. पुण्यातल्या सुनेनं ५०० दिले हे गावातल्या जावेला त्याच संध्याकाळी कळतं. मग दोघी तुला लबाड म्हणतात, एक जास्त घेतले म्हणून आणि दुसरी, आपल्याकडून पुढच्या वर्षी घेणार म्हणून. पारावर चार माणसांपुढं कारण सांगता येईल तेवढाच फरक भावात ठेव. आणि बंद घराच्या बाबतीत कारणं आहेत. किल्ली सांभाळावी लागते. आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवावा लागतो. फोनवर पाच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. सोबत स्लॅबवरचा पाला काढून पाण्याचा पाइप मोकळा केला, दारापुढची नाली ओढली, भिंत फुगली आहे का, कुलूप जागेवर आहे का ते पाहिलं, तर हे काम गवतापेक्षा मोठं आहे. स्लॅबवर पाणी तुंबून घर गळालं तर त्यांचं हजारोंचं नुकसान होतं. याचे दर खेपेला १५०-२०० वेगळे सांग, उघड सांग आणि यादी लिहून दे. खेड्याखेड्यांत कुलपं लागलेली घरं वाढताहेत आणि मुलाबाळांना गावच्या घराची काळजी लांबून वाटतच असते. तुझं खरं गिऱ्हाईक तिथं आहे असा माझा अंदाज आहे.

आता १५० वाला. त्याच्यामागं धावून भाव उतरवू नकोस. आधी त्याचा भाव १५० का आहे ते बघ. कदाचित त्याच्याकडं संत्र्याची बाग असेल, मशीन बागेसाठी घेतलं असेल आणि घरांचं काम वरकमाई असेल. मग मशीनची झीज तो घरांच्या हिशोबात धरतच नाही, आणि त्याच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. कदाचित तो गेल्या वर्षीचा तू असेल, ज्याला अजून क्लचचं बिल आलेलं नाही. दोन्ही बाबतींत तुझा खर्च बदलत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, ‘तो दीडशेत करते’, तर काम कमी करून भाव कमी कर : फाटकापासून दारापर्यंतची वाट आणि पाण्याच्या टाकीभोवतीचं, १०० रुपये. पूर्ण अंगणाचे मात्र २००च. आणि एकदा त्या पोराला भेट. त्याच्या गावची घरं त्याला, तुझ्या बाजूची तुला, एकाचं मशीन बंद पडलं तर दुसऱ्यानं द्यायचं, असं ठरलं तर दोघांचंही पेट्रोल वाचेल. दोघं एकमेकांचे भाव पाडत बसलात तर स्वस्तात अंगणं साफ होतील ती पुन्हा त्या मोठ्या वाड्यांचीच.

तो तणनाशक मारून स्वस्तात काम उरकत असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. घराभोवती कोंबड्या असतात, विहीर असते, रांगणारी पोरं असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं दगावली, ते तुमच्या भागात कोणी विसरलेलं नसेल. ग्लायफोसेटबद्दल तर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते परवानाधारक कीडनियंत्रकांशिवाय कोणी वापरू नये असं बंधन घातलं होतं.

गाजरगवताचा भाव वेगळा लाव, कारण ते मशीननं वरवर कापलं की बुडातून परत फुटतं, आणि फुलावर आल्यावर कापलं तर हजारो बिया अंगणभर पसरतात. ते फुलायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं लागतं. हे मजुरीचं काम आहे, रोजानं धर. इथं माझी एक सूचना आहे. तुझं मशीन यायच्या आधी ही अंगणं विळ्यानं साफ करून कोणीतरी बाई रोज मिळवत होती. गाजरगवत उपटायला, गवत ओढून ढीग घालायला तिलाच बोलाव आणि तिचा रोज भावात धर. तू दोन घरं जास्त करशील. गिऱ्हाइकालाही यातून एक गोष्ट सांगता येते, की विळ्यानं हेच अंगण करायला एका बाईचा पूर्ण दिवस जातो, त्या रोजाशी तुझे २०० ताडून बघा. काही जणांच्या अंगाला गाजरगवतानं खाज सुटते, चट्टे उठतात, त्यांना या कामाला लावू नकोस.

नातेवाईक. आईचं म्हणणं सगळं टाकून देण्यासारखं नाही. गावात राहायचं तर प्रत्येक गोष्टीचं बिल फाडून चालत नाही. पण फुकट घरांची संख्या तू जूनमध्ये ठरव, वेळेवर तोंड पाहून नको. स्वतःचं घर सोडून दोन धर : एक ज्यांनी तुमच्या अडीअडचणीला खरंच हात दिला ते, आणि एक अशी म्हातारी जिच्या घरी करणारं कोणी नाही. हा खर्च तुला परवडतो, लहान घर असेल तर वर्षाला दोन हजारांच्या आत आहे. बाकी काका-मामांना पूर्ण भाव सांग. पैसे द्यायला त्यांना जड जात असेल तर बदल्यात काम घे, त्यांच्या बैलजोडीचा डवरा तुझ्या वावरात एक दिवस फिरला तरी तुझे पैसे वसूल. सूट द्यायची नाही. नात्यातली सूट दर वर्षी वाढत जाते आणि घेणाऱ्यालाही ती पुरेशी वाटत नाही.

सांगायचं कसं, ते जमत नाही असं तू लिहिलंयस. मोसम सुरू झाल्यावर भाव वाढवलास तर भांडण होईल, म्हणून मे महिन्यात, पेरणीची धावपळ सुरू व्हायच्या आत सांगून मोकळा हो. एवढंच म्हण : ‘काका, यंदापासून मी आवार पाहून भाव सांगतो. तुमचं परस मोठं आहे, दीड तास लागते, साडेचारशे होतात. समोरचंच करायचं असंन तर शंभरात करून देतो.’ आणि गप्प बस. पेट्रोल किती महाग झालं, घरची परिस्थिती कशी आहे, काही सांगू नकोस. आकड्यानंतर स्पष्टीकरण दिलं की समोरच्याला घासाघीस करायला जागा मिळते. तीसांतली सात-आठ घरं सुटतील. सुटू दे. ती बहुतेक दोन तासांची घरं असतील आणि ती सुटल्यानं तुझी कमाई कमी न होता वाढेल. उरलेली घरं खऱ्या भावात केलीस तर शंभर तासांचे तीस हजार येतात, सतरा हजार खर्च जातो, तेरा तुझ्याकडं राहतात. तासांपैकी पंचवीस कमी झाले तरी मजुरी सुटते आणि हप्ता त्यातूनच जातो.

भावात अजून एक खर्च धरायचा राहिलाय, कारण तो तू केलेलाच नाहीस. चप्पल घालून मशीन चालवतोस असं लिहिलंयस. गमबूट, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, जाड पॅन्ट, कानात बोळे, हे सगळं दोन हजारांच्या आत येतं. मशीनच्या पुस्तकात माणसं-जनावरं पंधरा मीटर लांब ठेवायला सांगितलेलं असतं ते उगाच नाही, पात्याला लागलेला खडा गोळीसारखा जातो. काम सुरू करण्याआधी मालकाला गाडी हलवायला सांग, खिडक्या बंद करायला सांग, आणि तरी काच फुटली तर कोण भरणार ते आधी बोलून घे. आणि सापाचं. कापायच्या आधी काठीनं गवत झोडप, निवांत पाच मिनिटं थांब. साप निघाला तर काम थांबवून सर्पमित्राला फोन कर, तेवढा वेळ फुकट गेला तरी चालेल. चावलाच तर १०८ ला फोन करून सरळ ग्रामीण रुग्णालय, मांत्रिक मध्ये नको.

वही घाल. शाळेची शंभर पानी चालेल. तारीख, घर, किती मिनिटं, किती पेट्रोल, किती मिळाले, किती राहिले. पहिल्या कापणीच्या मिनिटांवरून दुसरीचा भाव आपोआप दुरुस्त होईल. आणि बचत गटाचा हप्ता हा खर्चाच्या पानावर पहिल्या ओळीत लिही.

दिवाळीनंतर मशीन खुंटीला टांगून ठेवू नकोस. गुलाबी बोंडअळीमुळं फरदड (त्याच झाडांवरचं पुढचं पीक) न घेता पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, वेळेत काढा असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो, आणि जानेवारीच्या आसपास पऱ्हाटी काढायला मजूर मिळत नाहीत. ते काम एकरानं मिळेल. पण अंगणाचा ३०० चा तास तिथं लावू नकोस. पऱ्हाटीला लोखंडी पातं लागतं, पेट्रोल जास्त जातं, क्लचवर ताण येतो. आधी स्वतःच्या वावरातली अर्धा एकर कापून बघ, वेळ आणि पेट्रोल लिहून ठेव, आणि मग लोकांना एकराचा आकडा सांग.